बिल नसलेले दुखणे

२४ जुलै २०२० रोजी 'दिल बेचारा' हा हिंदी चित्रपट लोकांसमोर आला, तेव्हा त्याच्याविषयी परखडपणे बोलण्याची सोय राहिलेली नव्हती. त्याचा नायक सुशांतसिंह राजपूत याचा मृत्यू १४ जूनला झाला होता. चित्रपटगृहे बंद होती आणि वर्गणी न भरणाऱ्यांनाही चित्रपट घरबसल्या फुकट पाहता येत होता. देशातील तरुण वर्गाने तो पाहिला, त्यापेक्षा त्याचे सुतक पाळले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. दुःखात बुडालेल्या माणसांना कथेतील उणिवा दाखवत बसणे असंस्कृतपणाचे झाले असते. टीकाकारांपैकी बहुतेकांनी ते टाळले आणि तेव्हा ते योग्यच केले.

परंतु सुतकालाही मुदत असते. मधल्या काळात ती केव्हाच संपली आहे आणि चित्रपटाची कीर्ती मात्र तशीच राहिली आहे. तोच साचा अजून उत्तम चालतो, हे जुलै २०२५ मध्ये 'सैयारा'ने दाखवून दिले. तिथे कर्करोगाऐवजी स्मृतिभ्रंश आहे एवढाच फरक. कोवळ्या वयाचे प्रेम, असाध्य व्याधी, गाणी आणि चित्रपटगृहात हुंदके देणारा तरुण प्रेक्षक हे सारे तेच. म्हणून या साच्याचा एकदा नीट हिशेब मांडला पाहिजे. हिशेब हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. जमशेदपूरमधील एका बंगाली कुटुंबातील किझी ही मुलगी थायरॉईडच्या कर्करोगाने आजारी आहे. प्राणवायूची नळकांडी सोबत घेऊन ती हिंडते. हाडाच्या कर्करोगाने एक पाय गमावलेला, रजनीकांतचा भक्त असलेला मॅनी तिच्या आयुष्यात येतो. एका गायकाचे अपुरे राहिलेले गाणे तिच्या मनात घर करून बसलेले असते. त्या गायकाला भेटण्यासाठी दोघे पॅरिसला जातात. तो भेटतो आणि त्यांची निराशा करतो. मुलगी आधी जाणार असे प्रेक्षक धरून चालतो आणि मुलगा जातो. मूळ कथा जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाच्या २०१२ सालच्या कादंबरीची. तिच्यावर अमेरिकेत २०१४ मध्ये चित्रपट निघाला आणि त्याचा हा हिंदी अवतार.

चित्रपटात चांगले काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संजना संघीचा चेहरा खोटे बोलत नाही. शाश्वत चॅटर्जी आणि स्वस्तिका मुखर्जी यांनी साकारलेले आईबाप तर नायक-नायिकेपेक्षाही खरे वाटतात, कारण त्यांच्या वागण्यातून थकवा जाणवतो. रहमानच्या चाली कानाला गोड आहेत. आक्षेप कलाकारांच्या कामगिरीविषयी नाहीच. आक्षेप असा की, कर्करोगावर बेतलेल्या या सबंध कथेत पैशाचा प्रश्न कोणत्याही वळणावर निर्णायक ठरत नाही. उपचार परवडत नाहीत म्हणून कोणी थांबत नाही, कोणी कर्ज काढत नाही, कोणाचे घर वा शेत जात नाही. भारतासारख्या देशात कर्करोगाची कथा सांगायची आणि तिच्यातून दवाखान्याचे बिल गाळायचे, म्हणजे दुष्काळाची कथा सांगताना पाऊस गाळण्यासारखे आहे. मूळ अमेरिकन कादंबरीतसुद्धा परदेशवारीच्या खर्चाची तजवीज सांगितली आहे. आजारी मुलांची एखादी इच्छा पुरवणारी एक धर्मादाय संस्था तो खर्च उचलते. अमेरिकन लेखकालाही वाटले की, वाचक विचारील, पैसे कोठून आले?

अज्ञानापोटी असे झाले असेल, हे पटत नाही, कारण दिग्दर्शकाने गाव निवडले ते जमशेदपूर. या गावात १९७५ पासून मेहेरबाई टाटा यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. ज्या गावाच्या एका इमारतीवर प्रेम आणि असाध्य आजार यांची खरी कथा कोरलेली आहे, त्याच गावात जाऊन उसनी कथा चित्रित करायची, याला दारिद्र्य म्हणावे की आळस?

ती खरी कथा अशी. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १८ जून १९३१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये निवर्तल्या. त्या काळच्या उत्तमोत्तम डॉक्टरांजवळ या रोगावर इलाज नव्हता आणि संपत्तीचा काडीचाही उपयोग झाला नाही. दोराबजींनी पत्नीच्या नावे ल्यूकेमियावरील संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि आपली जवळजवळ सारी संपत्ती विश्वस्त निधीच्या हवाली केली. १९३२ साली ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला युरोपात गेले आणि ३ जूनला वाटेतच, जर्मनीत वारले. त्यांच्या विश्वस्तांनी मुंबईत परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे केले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. पुढे ते केंद्र सरकारकडे आले आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. वर्ध्यापासून भामरागडपर्यंतच्या माणसाला ज्याचे नाव 'मुंबईचं टाटा' एवढेच ठाऊक असते, ते हेच रुग्णालय.

एका भांडवलदार घराण्याची ही कहाणी समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर वाचून काहींच्या भुवया उंचावतील. जमशेदपूरची संपत्ती कोणाच्या घामातून आणि कोणाच्या जमिनीतून आली आणि तेथील कामगारांना १९२० व १९२८ साली संप का करावे लागले, याचा विसर पडण्याचे कारण नाही. उलट म्हणावे लागेल की, कामगारांच्या श्रमातून जमलेले धन एका शोकाच्या निमित्ताने का होईना, समाजाकडे थोडे परतले. विसाव्या शतकातील या घराण्याच्या शोकाला एवढे तरी सुचले. एकविसाव्या शतकातील करमणुकीच्या धंद्याला शोकातून गल्ला भरण्यापलीकडे काही सुचत नाही.

दुसरी कथा वर्धा जिल्ह्यातील माणसाला सांगण्याची गरज पडू नये. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, स्थानबद्धतेत वारल्या. अखेरच्या क्षणी त्यांचे मस्तक गांधीजींच्या मांडीवर होते. त्याआधी पेनिसिलीन हे तेव्हा नवे आणि दुर्मिळ असलेले औषध त्यांच्यासाठी मागवण्यात आले होते. देवदास गांधींचा आग्रह ते टोचण्याचा होता. जी निघालीच आहे तिला सुयांनी का छळावे, हे गांधीजींचे म्हणणे होते. अखेर औषध टोचले गेले नाही. पती चूक होता की मुलगा, यावर आजही दोन मते पडतील आणि दोन्ही बाजूंना प्रेमच आहे. कोणा दिग्दर्शकाला प्रेम आणि मृत्यू यांमधील नाट्य हवे असेल, तर याहून तीव्र संघर्ष त्याला पॅरिसमध्ये सापडायचा नाही. परंतु या नाट्याला गाणी नाहीत आणि नायिका चौऱ्याहत्तर वर्षांची आहे!

त्या मृत्यूनंतर डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला स्त्रिया व मुलांसाठी एक लहानसा दवाखाना सुरू केला. त्याचेच पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला जोडून ग्रामीण भागातले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच परिसरात त्याआधी गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या होत्या. जखमेला वास असतो. 'दिल बेचारा'तील रोगाला नाही.

तेरा वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन मृत्यू. एक देशातील अतिश्रीमंत घरातला, दुसरा तुरुंगातला. दोन्ही ठिकाणी खाजगी दुःखाला सार्वजनिक वाट सापडली. माझी पत्नी गेली, इतरांच्या बायका तरी वाचोत, अशी ती वाट होती. 'दिल बेचारा'तील दुःखाला कोणतीच वाट नाही. ते दोन जिवांपुरते सुरू होते, दोन जिवांपुरते संपते आणि प्रेक्षक डोळे पुसून दुसरा चित्रपट लावायला मोकळा होतो. रोग आकाशातून पडतो. त्याला समाज नाही, अर्थव्यवस्था नाही, सरकार नाही. दुखण्याला नशीब ठरवले की कोणालाच जाब विचारावा लागत नाही, आणि ही सोय कोणाच्या पथ्यावर पडते हे उघड आहे.

हिंदी चित्रपटाला हे कधीच जमले नाही, असेही नाही. १९७१ चा 'आनंद' आठवावा. त्यातला आनंदही बिल न भरता मरतो, हे मान्य करायला हवे. हृषीकेश मुखर्जी काही क्रांतिकारक नव्हते. पण त्यांनी आनंदच्या शेजारी भास्कर बॅनर्जी हा डॉक्टर उभा केला. मुंबईच्या वस्त्यांमधील गरिबांना तपासताना त्याला कळून चुकते की, यांचा रोग दारिद्र्य आहे आणि त्यावर आपल्या पेटीत औषध नाही. त्याचा मित्र डॉ. कुलकर्णी श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांवर पैसे कमावतो आणि गरिबांना फुकट तपासतो. म्हणजे आनंदच्या हसऱ्या मृत्यूच्या मागे एक शहर आणि त्या शहरातील विषमता सतत उभी असते. १९७८ च्या 'अँखियों के झरोखों से'मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मरणारी मुलगी एका परिचारिकेची आहे आणि नायक श्रीमंताचा मुलगा आहे. वर्गभेदाची एक फट तरी तिथे उघडी आहे. मराठीत तर २००४ चा 'श्वास' आहे. त्यात प्रेम आजोबा-नातवाचे आहे, युगुलाचे नाही. परंतु खेड्यातला म्हातारा, शहरातले रुग्णालय, न समजणारी डॉक्टरी भाषा, संमतीच्या कागदावरील सही आणि धावपळ करणारी समाजसेविका हे सारे संदीप सावंतांनी दाखवले आणि तरीही प्रेक्षक रडला. किंबहुना म्हणूनच रडला. वास्तव दाखवले तर भावना आटते, हा करमणूकवाल्यांचा सिद्धान्त 'श्वास'नेच खोटा पाडला आहे.

आता वर्धा जिल्ह्यातील कर्करोगाकडे यावे. सेवाग्रामच्या संस्थेत या जिल्ह्यापुरती कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही ठेवली जाते, ही जिल्ह्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. येथे तोंडाचा कर्करोग फार आहे आणि त्याचे कारण पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून मिळते. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र हिंगणघाटच्या बाजारातही मिळतो आणि आर्वीच्या बसस्थानकाबाहेरही. हा रोग चेहऱ्यावर होतो. तो जबडा खातो, गालाला भोक पाडतो, बोलणे बंद करतो, आणि ज्या तोंडाने प्रेमाचे शब्द बोलायचे तेच तोंड तो हिरावून नेतो. अशा नवऱ्याला नळीने पेज भरवणारी बाई ही या जिल्ह्याची खरी प्रेमकथा आहे. तिला नायिका करण्याचे धाडस कोणा निर्मात्याला होईल?

या कथेचे अर्थशास्त्रही समजून घेतले पाहिजे. शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार हा बिलाचा एक भाग. तो भरण्यासाठी २०१२ पासून राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. तिचेच नाव २०१७ साली महात्मा जोतिबा फुल्यांचे झाले. तिने पुष्कळांचे प्राण वाचवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दुसरा भाग कोणत्याही योजनेच्या दरपत्रकात नसतो. समुद्रपूरहून रोज येण्याजाण्याचे एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, वेचणीविना झाडावरच राहिलेला कापूस, शाळेतून काढलेली मुलगी. आणि सगळ्यांत मोठा खर्च, ज्याची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होतच नाही, तो म्हणजे घरातल्या बाईचे रात्रंदिवस फुकट राबणे. मुंबईला जावे लागले तर वेगळेच संकट. 'टाटा'च्या बाहेर पदपथावर पथारी टाकलेली कुटुंबे वर्षानुवर्षे पाहायला मिळतात. ज्यांचे नशीब बरे, त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. विदर्भातल्या एका निरक्षर परटाने झाडू हाती घेऊन जे पुण्य जोडले, त्याच्या आसऱ्याला देशभरचे कर्करोगी राहतात. पॅरिसचा पूल पाहून गहिवरणाऱ्या दिग्दर्शकांना दादरची ही धर्मशाळा त्यांच्या अंधेरीच्या कार्यालयातून तासाभराच्या आत गाठता आली असती.

आकड्यांकडे पाहावे. केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोक स्वतःच्या खिशातून करीत असलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. घट झाली, आणि तिचे स्वागत केले पाहिजे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणसाच्या कनवटीचेच आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे भोर समितीने १९४६ साली, म्हणजे स्वराज्याच्याही आधी, लिहून ठेवले होते.

रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर 'ग्लिव्हेक' हे औषध आले, तेव्हा नोव्हार्टिस कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये लागत आणि भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. कंपनीला भारतात एकाधिकार मिळू नये म्हणून मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने लढा दिला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. त्या निकालाने किती प्रेमिकांना एकमेकांसोबत आणखी वर्षे मिळाली असतील! पण न्यायालयातील पेटंटच्या वादावर गाणे चित्रित करता येत नाही.

चित्रपट म्हणजे अर्थसंकल्प नव्हे, असे यावर म्हटले जाईल. माणसाला स्वप्नेही लागतात, आणि गरिबाला तर अधिकच. हा युक्तिवाद नेहमी गरिबांच्या नावाने केला जातो आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पुलगावच्या गिरणीतला कामगारही रविवारी पडद्यावर गिरणी पाहायला जात नसे. पण स्वप्न आणि लबाडी यांत फरक करावा लागतो. परीकथेतील राजपुत्र उडत्या घोड्यावर बसला तर कोणी भाडे विचारत नाही, कारण ती परीकथा आहे हे दोघांनाही ठाऊक असते. 'दिल बेचारा' मात्र खऱ्या रोगाचे नाव घेतो, खऱ्या शहराचे नाव घेतो, खरा प्राणवायूचा नळकांडा दाखवतो आणि मग नेमकी किंमत तेवढी झाकतो. दुसरे असे की, हा मध्यमवर्गाचा चित्रपट आहे. विम्याचे कार्ड खिशात असलेल्यांना तो सांगतो की, दुखण्यात धैर्य आणि विनोद असले म्हणजे पुरे. ज्याच्याजवळ कार्ड नाही, तो हे ऐकून स्वतःच्याच धैर्यात काही उणे आहे असे समजेल.

सामूहिक मार्ग असू शकतो, हे सिद्ध करण्यासाठीही वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. सेवाग्रामचे डॉ. उल्हास जाजू यांनी भोवतालच्या खेड्यांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्यविम्याची योजना चालवली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीनवाल्याने जास्त, मजुराने कमी, आणि आजारी पडल्यावर उपचार मात्र गरजेप्रमाणे सर्वांना सारखा. समाजवादाच्या जाड ग्रंथांत जे सापडते, ते येथे पायलीने मोजले गेले. कोणाच्या तरी दुखण्याचा भार गावाने आधीच वाटून घ्यायचा, यापेक्षा प्रेमाची अधिक व्यवहारी व्याख्या कोणती?

आणि 'दिल बेचारा' लोक घरोघर पाहत होते त्या दिवसांची आठवण करून दिली पाहिजे. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत देशातील ४१ कर्करोग केंद्रांमध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली होती. रोग घटला नव्हता. गाड्या बंद होत्या, रस्ते बंद होते, मजुरी बंद होती, आणि ज्यांनी दवाखान्यात पोचायला हवे होते ते घरीच गाठी चाचपत बसले होते. पडद्यावरील एका कर्करोग्यासाठी सारा देश रडत असताना देशातले खरे कर्करोगी कोणाच्या नजरेस पडत नव्हते. चित्रपट आधीच तयार झाला होता, त्यामुळे याचा दोष त्याच्या कर्त्यांना देता येत नाही. पण त्या रडण्याचे मोल मात्र यावरून ठरते.

रेल्वेच्या सवलतीचा एक अर्ज असतो. कर्करोग्याला उपचारासाठी जायचे असेल तर रुग्णालयातील डॉक्टरांनी तो भरून द्यायचा. स्लीपर आणि थ्री-एसी वर्गात रुग्णाला भाडे माफ आहे. त्याच्यासोबत एक माणूस जाऊ शकतो, आणि त्याला पंचाहत्तर टक्के सूट मिळते. उरलेला पाव भाग त्याने स्वतः भरायचा. तो अर्ज हाती घेऊन सेवाग्राम स्थानकाच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसलेली जोडपी कोणत्याही संध्याकाळी दिसतील. त्यातल्या बहुतेक बायका पदराच्या गाठीतून पैसे काढून तो पाव भाग मोजतात.